आजोबा, तुमचं उत्तर चुकलं!

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘मुलांचे विज्ञान आणि आजी-आजोबा’ असा विषय छापला आहे. सेक्रेटरींनी दहा मिनिटं दिली आहेत. बँकेत चौतीस वर्षं काढलेला माणूस वेळेला पक्का असतो, तेव्हा काळजी नसावी.

पहिल्यांदाच सांगतो, मी बी.कॉम. आहे. शास्त्राशी माझा संबंध मॅट्रिकला सुटला. तरीही दर रविवारी सकाळी दहा वाजता आपल्या क्लब हाऊसमध्ये आठ-दहा मुलं माझ्याभोवती गोळा होतात आणि मला ‘प्रश्नवाले आजोबा’ म्हणतात. हे कसं सुरू झालं ते सांगायला हवं, कारण त्याच्या मुळाशी माझी चूक आहे.

माझी नात तेव्हा पाचवीत होती. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तिनं विचारलं, “आजोबा, उन्हाळा का होतो?” मी पेपर वाचत होतो. मान वर न करता सांगितलं, “पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून.” शेगडीजवळ गेलं की गरम होतं, इतकं सोपं! तिनं ते लिहिलं आणि गुण मिळाला शून्य.

हे तिनं मला सांगितलंच नाही. तिच्या दप्तरात पेन शोधताना उत्तरपत्रिका माझ्या हाती लागली. मी भडकलो. म्हटलं, बाईंनी तपासण्यात चूक केली आहे, उद्या शाळेत जाऊन बोलतो. नात गप्प होती. ते दिवस डिसेंबरअखेरचे. त्याच रात्री माझ्या मुलीचा मेलबर्नहून व्हिडिओ कॉल आला. ती म्हणाली, “बाबा, इथे उकाड्यानं जीव नकोसा झालाय.” आम्ही इकडे पुण्यात स्वेटर घालून बसलेलो. कॉल संपल्यावर नात हळूच म्हणाली, “आजोबा, पृथ्वी सूर्याच्या जवळ गेली तर सगळ्यांनाच एकदम उन्हाळा व्हायला हवा ना? मग आत्याकडे उन्हाळा आणि आपल्याकडे थंडी कशी?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी विचारलं, “शून्य मिळाल्याचं तू मला का नाही सांगितलंस?” ती म्हणाली, “तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

मंडळी, त्या रात्री मला झोप लागली नाही. शून्याचं काही नाही हो. पण मला आठवलं, तिचा बाबाही लहानपणी असंच काहीबाही विचारायचा. तेव्हा माझ्या दर तीन वर्षांनी बदल्या. रात्री आठला घरी यायचो आणि म्हणायचो, “पुस्तकात दिलंय ते पाठ कर.” त्यानं पाठ केलं, मार्कही मिळवले. पण सहावी-सातवीनंतर त्यानं मला एकही प्रश्न विचारल्याचं आठवत नाही. एक पिढी मी गप्प केली होती. दुसरी माझ्याच मनाला जपण्यासाठी गप्प बसायला शिकत होती.

सकाळी उठून मी नातीला म्हटलं, “माझं चुकलं. आपण दोघं मिळून शोधू.” मग वाचलं. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. सगळ्यात लांब असते ती जुलैच्या सुरुवातीला, सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर. म्हणजे आपण कुडकुडतो तेव्हाच ती सूर्याजवळ! खरं कारण असं, की पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. त्यामुळे ऊन कधी सरळ पडतं, कधी तिरपं. दिवसही लहानमोठा होतो. पुण्यात जूनमध्ये दिवस साधारण सव्वातेरा तासांचा, तर डिसेंबरात अकरा तासांच्या आसपास. आणि आपला उत्तर गोलार्ध सूर्याकडे कललेला असतो तेव्हा मेलबर्नचा दक्षिण गोलार्ध दुसरीकडे कललेला असतो.

वाचून मला पटलं, पण दहा वर्षांच्या मुलीला नुसत्या ‘आस’ शब्दानं काय कळणार? मग दिवे मालवले आणि टॉर्च घेतला. जमिनीवर सरळ धरला, तर लहान, लख्ख गोल पडला. तिरपा धरला, तर तोच उजेड लांब पसरला आणि फिका झाला. “टॉर्च तोच, उजेड तेवढाच, पण जास्त जागेवर वाटला गेला,” असं नातच म्हणाली. मी काहीच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गच्चीवर गेलो. कापडाच्या दुकानात असते तसली मीटरची पट्टी उभी धरली. दुपारी साडेबाराच्या सुमारास तिची सावली जवळजवळ ९० सेंटिमीटर भरली. साडेबाराच का, बारा का नाहीत? कारण आपलं घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचं, आणि पुण्याला सूर्य माथ्यावर यायला अर्धा तास उशीर होतो. पट्टी धरायला खालच्या मजल्यावरची दोन मुलं आली, आणि पुढच्या रविवारी पाच. वर्ग असा सुरू झाला.

या दोन वर्षांत मला जे उमगलं ते तीन गोष्टींत सांगतो.

पहिली गोष्ट, प्रश्न चेकसारखा वाचायला शिकवा. चेक पास करताना आम्ही तारीख, नाव, अक्षरी रक्कम, आकडी रक्कम, सही असं एकेक बघायचो. मुलं प्रश्नावरून नुसती नजर फिरवतात. ‘खालीलपैकी कोणता पदार्थ पाण्यात विरघळत नाही?’ याला एका हुशार मुलानं साखर लिहिलं. साखर विरघळते हे त्याला पक्कं माहीत होतं, त्याच्या नजरेतून ‘नाही’ निसटलं होतं. घरी मात्र ‘तुला एवढंही येत नाही?’ म्हणून बोलणी बसली. आता आमची मुलं ‘नाही’, ‘फक्त’, ‘सर्वांत’ अशा शब्दांखाली पेन्सिलनं रेघ मारतात.

दुसरी गोष्ट, उत्तर देण्याआधी ‘तुला काय वाटतं?’ असं विचारा. थंड पाण्याचा ग्लास बाहेरून ओला का होतो? एक मुलगी म्हणाली, पाणी झिरपतं. तिला हसू नका. माठ झिरपतो हे तिनं पाहिलं आहे, तेव्हा तिचं म्हणणं बिनबुडाचं नाही. आम्ही स्टीलच्या ग्लासात बर्फ घातलेलं कोकम सरबत ठेवलं आणि वर झाकण घातलं. थोड्या वेळानं बाहेरचे थेंब पांढऱ्या रुमालानं टिपले. रुमालावर लाल डाग नाही! सरबत बाहेर आलं असतं तर रंगही आला असता. मग हे पाणी कुठलं? “हवेतलं!” असं तिघं-चौघं एकदम ओरडले. हवेतली वाफ थंड ग्लासाला लागून पाणी होते. याला पुस्तकात ‘संघनन’ म्हणतात, इंग्रजी शाळेतली मुलं ‘कंडेन्सेशन’ म्हणतात. आधी रुमाल, मग शब्द. उलटं केलं की शब्द पाठ होतो आणि पाणी झिरपतच राहतं.

तशीच गंमत ‘बी सजीव की निर्जीव?’ या प्रश्नाची. बी हलत नाही, खात नाही, म्हणून पुष्कळ मुलं निर्जीव म्हणतात. आम्ही मूठभर मटकी तशीच भिजवली आणि मूठभर उकडून ठेवली. दोन दिवसांत कच्च्या मटकीला मोड आले, उकडलेलीला नुसता वास आला. त्यांनी निष्कर्ष काढला, बी झोपलेलं असतं, उकडलं की मरतं. जे मरू शकतं ते सजीव. ही व्याख्या कुठल्या पुस्तकात आहे मला ठाऊक नाही, पण ती मुलांची स्वतःची आहे.

तिसरी गोष्ट आम्हा मोठ्यांसाठी. माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणा. बँकेत एखाद्या रकमेचा मेळ लागला नाही, तर ती सस्पेन्स खात्यात ठेवतात. दडपून टाकत नाहीत, की कुणाच्याही खात्यात ढकलत नाहीत. खरा धनी सापडेपर्यंत ती तिथं राहते आणि रोज टोचते. आमच्या वर्गातही एक सस्पेन्सची वही आहे. ज्याचं उत्तर मला येत नाही तो प्रश्न तारीख घालून त्यात लिहितो. सापडलं की खोडतो. आज त्यात सतरा प्रश्न उभे आहेत. ऑडिटर आले तर मला मेमो मिळेल, पण मुलांना ती वही फार आवडते. आजोबांनाही येत नाही, याचा त्यांना आनंद असतो. त्यानंतर ती बिनधास्त विचारतात.

मित्रहो, पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथं राहायला आलो तेव्हा टँकरच्या रांगेत उभं राहून एकमेकांची ओळख झाली. आज पाणी आहे, लिफ्ट आहे, क्लब हाऊस आहे. आता मुलांचे प्रश्न सांभाळायची पाळी आली आहे. माझी दोन मागणी आहेत. एक, तरुण पालकांपैकी दोघा-तिघांनी रविवारचा एक तास द्यावा. शास्त्र यायलाच हवं असं नाही, चूक कबूल करता आली की पुरे. मी सत्तरी ओलांडली आहे, वही कुणाकडे तरी सोपवायला हवी.

दुसरी मागणी सेक्रेटरींकडे. गच्चीला कुलूप असतं आणि नियम नियम आहे. पण येत्या १३-१४ मे रोजी पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या पट्टीची सावली क्षणभर नाहीशी होते. डिसेंबरात ९० सेंटिमीटर भरलेली तीच सावली. त्या दोन दिवशी दुपारी सव्वाबाराला किल्ली मिळावी. टोपी आणि पाण्याच्या बाटलीची जबाबदारी माझी.

नातीनं विचारलंय, सावली जाते कुठं? उत्तर मी सांगणार नाही. तिनं ते गच्चीवर पट्टीपाशी उभं राहून शोधायचं आहे.