टाचेचें दुखणें आणि पंढरीची वाट



आषाढीचे दिवस जवळ आले कीं परभणी शहराला टाळमृदंगाची चाहूल लागते. शेगांवाहून निघालेली श्रीगजाननमहाराजांची पालखी औंढा नागनाथावरून परभणीस येते आणि दैठणा, गंगाखेड, परळी असा मार्ग आक्रमीत पंढरपुराकडे जाते. सारी वाट सुमारें ७०० किलोमीटरांची. चालावयास महिन्याहून अधिक काळ लागतो. मनाच्या उत्साहाला या वाटेवर मर्यादा नसते. पायाला मात्र असते. त्या पायाच्या एका हट्टी दुखण्याविषयीं आज चार शब्द बोलणार आहें.

पालखीच्या मागून चालणाऱ्या एका लहानशा दिंडीबरोबर मी परभणीहून तीन वेळां निघालों. पहिल्या वर्षीं अनवाणी चालण्याचा नेम धरला होता. दैठण्याच्या मुक्कामीं पहाटे उठलों, जमिनीवर पहिलें पाऊल ठेवलें आणि टाचेंत खिळा रुतावा तशी कळ उठली. दहावीस पावलें टाकल्यावर ती ओसरली. मला वाटलें, पाय मोकळा झाला! पण गोदावरीचा पूल ओलांडून गंगाखेडास पोहोंचेपर्यंत टाच टेकवेनाशी झाली. संत जनाबाईंच्या त्या जन्मगांवीं मी रस्त्याच्या कडेला बसलों आणि परळीच्या वाटेला लागलेली दिंडी दिसेनाशी होईपर्यंत पाहात राहिलों. दोन दिवस चाललेली वाट परतींत आगगाडीनें पाहतां पाहतां संपली. डोळ्यांत पाणी आलें, तें केवळ टाचेमुळें नव्हे.

दोन महिन्यांत दुखणें गेलें आणि मी तें विसरलों. दुसऱ्या वर्षीं पायांत बूट होते; तरी माझी वाट पुन्हां गंगाखेडासच संपली. तेव्हां दिंडींतील एक वृद्ध वारकरी म्हणाले, "माउली, पाय दुखतो तेव्हां तुम्ही त्याची विचारपूस करतां. दुखायचा राहिल्यावर कधीं केली होती काय?" या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें.

टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखालून एक जाड, चिवट पट्टा गेलेला असतो. पायाची कमान तो तोलून धरतो. चालणें एकाएकीं वाढलें, पोटऱ्या आखडलेल्या असल्या, शरीराचें वजन अधिक असलें किंवा कठीण रस्त्यावर पायताणाचा तळ पातळ असला, म्हणजे टाचेजवळ ताण पडून हा पट्टा दुखावतो. डॉक्टर यास 'प्लांटर फॅसायटिस' म्हणतात. रात्रभर विसांवलेला पट्टा पहिल्याच पावलाला ताणला जातो, म्हणून सकाळची कळ तीव्र असते. थोडें चालल्यावर ती कमी होते, आणि येथेंच आपली फसगत होते. कळ ओसरणें म्हणजे इजा भरून येणें नव्हे.

बहुतेकांचें हें दुखणें वर्षभराच्या आंत बरें होतें. मात्र त्याला रोजचा थोडा वेळ द्यावा लागतो. अंथरुणांतून उठण्यापूर्वीं दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यावा आणि हातानें पायाचीं बोटें नडगीकडे ओढून दहा अंक मोजावे. असें दहा वेळां. दिवसांतून दोनदां भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा ताठ व टाच जमिनीला ठेवून पोटरी अर्धा मिनिट ताणावी. कळ उतरूं लागली कीं एक दिवसाआड पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा सावकाश उचलाव्या व तितक्याच सावकाश खालीं न्याव्या. संध्याकाळीं गार पाण्याची बाटली तळव्याखालीं फिरविल्यास आराम पडतो. पायताण मऊ टाचेचें, पण वाटेला लागण्यापूर्वीं वापरून सरावाचें झालेलें असावें. पावसांत भिजलेले मोजे लगेच बदलावे; ओलसर कातडीला फोड लवकर येतात.

तिसऱ्या वर्षीं मी दिवाळीपासूनच तयारी धरली. कृषि विद्यापीठाकडील रस्त्यावर सकाळीं थोडें चालावें, दर आठवड्यास अंतर किंचित् वाढवावें, दुसऱ्या दिवशीं टाच दुखली तर कमी करावें, असा क्रम ठेवला. अनवाणी चालण्याचा नेम सोडला; मनाला लागलें, पण सोडला. अंबाजोगाईस टाचेनें पुन्हां हटकलें, तेव्हां एक दिवस सामानाच्या गाडींत बसलों. सोबतचे चालत असतां आपण बसून जाणें सोपें नव्हतें. परंतु त्या एका दिवसामुळें पुढचे सारे दिवस मला चालतां आले आणि पंढरपूर गांठलें.

एक सावधगिरीही सांगतों. पायावर सूज आली, एकाच बिंदूवर दाबतांच असह्य दुखूं लागलें, विश्रांतींतही कळ थांबेना किंवा पाय बधिर वाटला, तर चालणें तेथेंच थांबवून डॉक्टरांस दाखवावें. हाडास बारीक चीरही गेलेली असूं शकते. मधुमेह असणारांनीं तर रोज रात्रीं तळवे डोळ्यांनीं पाहावे, कारण त्यांना जखम झाल्याचें पुष्कळदां कळतही नाहीं.

वारीची तयारी आषाढांत होत नाहीं. ज्यांना पुढच्या वर्षीं जावयाचें आहे आणि ज्यांची टाच आज दुखत नाहीं, त्यांना आरंभ करावयास आजचाच दिवस योग्य.