बोटाखाली झाकणारा देश
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळात आजवर मी लोणच्याचे प्रमाण सांगितले, हळदीकुंकवाचा हिशेब वाचून दाखविला. परंतु भाषण करावयास उभी राहण्याची ही पहिलीच वेळ. माझे शिक्षण सातवीपर्यंत. शाळेत भूगोलाचा तास आला की मी मागच्या बाकावर लपत असे, आणि आज अध्यक्षीणबाईंनी मला विषय दिला तो भूगोलाचाच! कारण एवढेच की, आमची थोरली लेक गेली दोन वर्षे एस्टोनियात, टार्टू गावच्या विद्यापीठात शिकते आहे. ती जावयास निघाली तेव्हा धाकट्याच्या नकाशात मी तो देश शोधला. सापडला, पण बोट ठेवले तो सगळाच झाकला गेला. मनात आले, एवढ्याशा देशात आपली पोर कशी राहणार? मग त्या देशाची माहिती गोळा करण्याचा मला नादच लागला.

युरोपच्या ईशान्येला बाल्टिक समुद्राच्या काठी हा देश आहे. उत्तरेला आखात ओलांडले की सुमारे ऐंशी किलोमीटरवर फिनलंडची राजधानी हेलसिंकी, दक्षिणेला लॅटव्हिया आणि पूर्वेला रशिया. रशियाच्या बाजूला मध्ये पेपुस नावाचे भले मोठे सरोवर आहे. क्षेत्रफळ सुमारे ४५,००० चौरस किलोमीटर; आपल्या महाराष्ट्रात असे सहा देश सहज मावतील. माणसे चौदा लाखांहूनही कमी. राजधानी टालिन. निम्मा मुलूख जंगलाचा, बाकी शेते आणि दलदली. शिवाय दोन हजारांवर लहानमोठी बेटे. सर्वांत उंच डोंगर ३१८ मीटरचा, आणि त्याच्या नावाचा अर्थ काय, तर 'मोठा अंडेडोंगर'! आपले कळसूबाई त्याच्या पाचपट उंच आहे, असे मी लेकीला मुद्दाम कळविले. उन्हाळ्यात तिथे रात्र जेमतेम होते, आणि डिसेंबरात दिवस सहा तासांचा. दुपारी साडेतीनला दिवेलागण झालेली पाहून पहिल्या वर्षी पोर रडली होती.

राय नावाच्या धान्याची काळसर, आंबूस पाव-भाकरी हे त्यांचे मुख्य अन्न. कोणी जेवत असले तर 'तुमची भाकरी पुरून उरो' अशा अर्थाचे शब्द म्हणण्याची तिथे रीत आहे. जुनी माणसे खाली पडलेला भाकरीचा तुकडा उचलून त्याचे चुंबन घेत. हे ऐकले आणि माझी निम्मी काळजी मिटली. अन्नाला पाय लागू न देणारी माणसे परकी कशी म्हणावीत?

आता त्यांची राष्ट्रचिन्हे. पक्षी म्हणाल तर पाकोळी. गोठ्याच्या आढ्याला मातीचे घरटे करणारी. फूल म्हणाल तर रायच्या शेतात आपोआप उगवणारे निळे रानफूल. सिंह आहेत, पण ते राजमुद्रेवर. तीन निळे सिंह, तेही डेन्मार्कच्या राजांच्या वेळेपासून आलेले. आपली म्हणून निवडली ती मात्र गोठ्यातली पाकोळी आणि शेतातले फूल.

झेंडा निळा, काळा व पांढरा. निळे आभाळ, काळी माती आणि पांढरे बर्फ. हा पहिला झेंडा १८८४ साली टार्टूच्या विद्यार्थ्यांच्या एका मंडळासाठी बायकांनी शिवला. १९१८ साली देश स्वतंत्र झाला आणि तोच राष्ट्राचा झेंडा ठरला. पण १९४० साली सोव्हिएत रशियाने देश गिळला, पुढे जर्मन आले, १९४४ साली पुन्हा रशियन. मार्च १९४९ मध्ये तर वीस हजारांवर लोक सैबेरियात धाडले गेले. त्यांत बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी माणसे. झेंडा लावणे हाही गुन्हा. बायकांनी शिवलेला तो पहिला झेंडा १९४३ साली एका शेतघराच्या धुराड्याच्या बांधकामात दडविला होता. देश पुन्हा मोकळा झाल्यावर तो तिथून सुखरूप बाहेर निघाला.

झेंडा भिंतीत दडविता येतो, पण भाषा कुठे दडवावी? त्यांनी ती गाण्यात ठेवली. १८६९ साली टार्टूला पहिला गीतोत्सव झाला. त्या वेळी गाणारे सगळे पुरुष. बायकांचे आवाज त्यात मिसळले ते १८९१ पासून. साधारण पाच वर्षांनी हा उत्सव भरतो. लिडिया कोइडुला नावाच्या कवयित्रीचे मायभूमीवरचे गाणे परक्या अमलात नको होते. १९६० च्या उत्सवात लोकांनी ते आपण होऊन म्हटले. १९८८ साली टालिनच्या मैदानावर लाखांनी माणसे गात उभी राहिली. २३ ऑगस्ट १९८९ रोजी शेजारच्या लॅटव्हिया व लिथुआनियासह या लोकांनी हातात हात घालून सहाशे किलोमीटरांवर लांब साखळी केली. २० ऑगस्ट १९९१ रोजी देश पुन्हा स्वतंत्र झाला.

ही त्यांची भाषा बोलणारे जगात सुमारे अकरा लाख. तीत 'तो' आणि 'ती' यांना एकच शब्द आहे. आमच्या ह्यांना हे काही पटत नाही! १८८८ साली याकोब हुर्ट नावाच्या धर्मोपदेशकाने लोकांना हाक दिली, की जुनी गाणी लिहून पाठवा. खेड्यापाड्यांतून लाखभर पाने गोळा झाली. ती गाणी जपली होती मुख्यतः बायकांनी.

लेकीच्या घरमालकीणबाईंनी तिला विचारले, तुमची भाषा बोलणारे किती? ती म्हणाली, आठ कोटींवर. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मग तुम्हांला तिची काळजीच करावी लागत नसेल." लेकीने हे मला हसत सांगितले, पण मला हसू आले नाही.

माझ्या सासूबाईंना जात्यावरच्या ओव्या शेकड्यांनी येत. जाते गेले, तरी संध्याकाळी वाती वळताना त्या म्हणत असत. मी म्हणे, "पुरे हो आता, तेच तेच काय!" त्या जाऊन चार वर्षे झाली. परवा वही घेऊन बसले तेव्हा मला आठवल्या अकरा. त्यांतल्याही दोन अर्ध्याच.

मैत्रिणींनो, आपल्याला भीती नाही, म्हणून आपण काळजी घेतली नाही. ज्यांच्या घरी सासूबाई, आई, आजी आहेत, त्यांनी आज घरी गेल्यावर त्यांच्यापाशी पाच मिनिटे बसावे. ती वही मी मंडळाच्या कपाटात ठेवते आहे. माझ्या अकरांच्या पुढे पाने कोरी आहेत.