आत्याच्या पुरचुंड्या आणि राहिलेली सहल

ओझरहून आम्ही बोलतोय. मागच्या वेळी कर्जवहीवर बोललो होतो, हिशेब पुष्कळ झाला. आज हिशेब नको. आज आमच्या आत्याबद्दल बोलायचंय. मागच्या माघात ती गेली. मध्येच विमानाचा आवाज आला तर सांभाळून घ्या. आमच्याकडे १९६४ पासून विमानांचा कारखाना आहे, बाहेरगावचे लोक गावाला ओझर मिगच म्हणतात. आत्याला त्या आवाजाचं काही वाटत नसे. बोलता बोलता थांबायची, विमान गेलं की अर्धं राहिलेलं वाक्य तिथूनच पुढे सुरू.

आम्ही म्हणजे तिच्या भाच्या, भाचेसुना आणि गटातल्या शेजारणी. सख्ख्या भाच्या तिघीच, पण गल्लीत सगळ्यांचीच ती आत्या. साठीच्या बायासुद्धा तिला आत्याच म्हणायच्या.

बहात्तरच्या दुष्काळात ती माहेरी परत आली, ती कायमचीच. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेलेला, मूलबाळ नाही, आणि सासरी त्या वर्षी खाणारं एक तोंड जास्तच होतं. येताना तिनं पदराच्या गाठीत घेवड्याचं बी बांधून आणलं. तेवढंच तिचं स्त्रीधन म्हणा. मग दुष्काळी कामावर खडी फोडली. तिथं सुकडी मिळायची, रेशनवर तांबडी मिलो ज्वारी. मिलोच्या भाकरीचं तर शेवटपर्यंत तिच्यासमोर नाव काढायची सोय नव्हती. पण घेवड्याचं बी तिनं शिजवलं नाही. आम्ही लहानपणी विचारायचो, "आत्या, भूक नव्हती लागत?" तर म्हणायची, "लागायची की. पण बी खाल्लं असतं तर मग लावलं काय असतं?"

घराच्या मागं दोन खाटा मावतील एवढी जागा तिला मिळाली. शेत भावांचं, घर भावांचं, ती दोन खाटांची जागा मात्र आत्याची. सातबाऱ्यावर नव्हे हो, बोलण्यात. गावात वाघाड धरणाच्या कालव्याचं पाणी येतं, पण तेव्हा टेलच्या शेतांपर्यंत ते पोहोचायचंच नाही. नव्वदच्या दशकात गावातल्या शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था केल्या, पाणी मोजून घ्यायला लागले, तेव्हा कुठे घडी बसली. आत्याची बाग त्याच्या कितीतरी आधीपासून मोरीच्या पाण्यावर होती. मोरीच्या तोंडाशी अळू आणि कर्दळ, त्याच्या पुढे केळ, आणि मग वेल. साबणाचं पाणी आधी कर्दळीनं प्यायचं, असा तिचा नियम. भांडी राखेनं घासायची ती, म्हणून ते पाणी वेलांना चालायचं.

वेलांचं तिचं बघून आम्ही जे शिकलो ते सांगतो, तुमच्या परसबागेत उपयोगी पडेल. गिलकं, दोडकं, काकडी, डांगर, काहीही असो, वेलावरचं पहिलं चांगलं, सरळ फळ तोडायचं नाही. त्याला चिंधी बांधायची. चिंधी दिसली की घरातल्या कुणीही ते भाजीला न्यायचं नाही. गिलकं-दोडकं वेलावरच वाळू द्यायचं, हलवलं की आत बी खुळखुळलं पाहिजे. काकडी पिवळी जर्द होऊ द्यायची. बी काढून धुवायचं, सावलीत वाळवायचं, चाळलेल्या राखेत घोळायचं आणि पुरचुंडी बांधून मडक्यात. आणि एक फार महत्त्वाचं. दुधी चिरला की आधी इवलासा तुकडा जिभेला लावायचा. कडू लागला तर थुंकून टाकायचा, अख्खा दुधी फेकून द्यायचा. त्याचं बी धरायचं नाही, भाजी करायची नाही, रस तर मुळीच काढायचा नाही. कडू दुधीनं उलट्या-जुलाब होतात, माणूस दवाखान्यात जातो. फेकायला जीव होत नाही आपल्या बायकांना, ठाऊक आहे आम्हाला. तरी फेका.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी टीव्हीपुढं आत्याला बसवलं. बियांच्या बँकेची चित्रं दाखवत होते. आत्या म्हणाली, "ही तर आपल्यासारखीच दिसते की." मग जरा वेळानं म्हणाली, "पण तिच्या बियांना नावाच्या चिठ्ठ्या आहेत बघ." आत्याला लिहिता येत नव्हतं. आम्हाला येतं. गटाची अख्खी वही आम्ही लिहितो, ठराव लिहितो, बँकेचे फॉर्म भरतो. "आत्या, एक दिवस बसू आणि सगळ्या पुरचुंड्यांवर नावं घालू," असं आम्ही म्हणालो. तो दिवस काही उगवला नाही.

दुपारी ती गोधड्या शिवायची. आता बाजारात शंभर तऱ्हेची पांघरुणं मिळतात, पण बाळंतिणीला आत्याचीच गोधडी लागायची. जुन्या लुगड्याचं अस्तर, वर गल्लीतल्या सगळ्यांच्या साड्यांचे तुकडे, आणि बारीक धावदोरा. कडेनं सुरुवात करून फेर घेत घेत आत यायचं. चिंध्या ती मागून आणायची, त्यामुळे कुणाची साडी फाटली हे तिला आधी कळायचं. रुखवतात क्रोशाचे रुमाल, मण्यांची तोरणंही तिचीच. पैसे कुणी दिले तर घ्यायची, नाही दिले तर मागायची नाही. त्यावरून आम्ही तिच्याशी भांडायचो. गटात दर ठरवून दिला, तर तिनं तो पाळलाच नाही!

आणि तिला सहलीचं भारी वेड. आपल्याकडे बाई घराबाहेर पडते ती लग्नाला, दहाव्याला नाहीतर दवाखान्यात. आत्या म्हणायची, "कुणी मेल्याशिवाय आपण एसटीत बसायचंच नाही का?" एकदा तिनं गटाकडे पाचशे रुपये कर्ज मागितलं. कर्जवहीत कारणाचा रकाना असतो. शेळी, शिलाई मशीन, आजारपण, शिक्षण, सगळं त्यात बसतं. आत्याचं कारण होतं 'फिरायला'. आम्ही पेन धरून बसलो. शेवटी कर्ज नाहीच दिलं. आत्यानं वाद घातला नाही. पुढच्या बैठकीला डालड्याचा जुना डबा घेऊन आली, झाकणाला चीर पाडलेली, आणि मधोमध ठेवला. दर बैठकीला दहा रुपये, बचतीच्या वर. कुणावर सक्ती नाही. त्या डब्यावर आम्ही सप्तशृंगी गडावर गेलो, त्र्यंबकला गेलो, नाशिकला गंगेवर जाऊन रामकुंडापाशी भेळ खाल्ली. १७ मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्या बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा ती म्हणाली, "मी म्हातारी म्हणून आधीपासून अर्धीच होते. आता तुम्हीपण अर्ध्या झाल्या. आता सबबी सांगू नका."

तरी सबबी सांगितल्याच. आता ते सांगतो. सांगायला जड जातं.

करोनाच्या आधी एका हिवाळ्यात आम्ही क्रूझर करून नांदूर मध्यमेश्वरला गेलो होतो. आपल्याच निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा मिळतात तिथं बंधाऱ्यामागं पाणी पसरलंय. थंडीत दूरदेशाहून पक्षी येतात. चापडगावच्या बाजूनं आत गेलो, मनोऱ्यावर चढलो, एका पोरानं दुर्बीण डोळ्याला लावून दिली. लांब चोचीचे चमचे, तांबड्या काटक्यांसारख्या पायांचे शेकाटे, जांभळ्या पाणकोंबड्या. आणि पाण्यावर काळ्या पक्ष्यांचा थवाच्या थवा, प्रत्येकाच्या कपाळाला पांढरा टिळा. पोरगा म्हणाला, "आजी, याला वारकरी म्हणतात." आत्यानं दुर्बीण खाली केली आणि हातच जोडले. "रामकृष्ण हरी. दिंडी इथं उतरलीय होय." त्या दिवशी तिला तिथून उठवताना नाकी नऊ आले. पुढे २०२० च्या जानेवारीत ही जागा पाणथळांच्या रामसर यादीत गेली, महाराष्ट्रातली पहिली. आत्या ऐटीत सांगायची, "सरकारच्या आधी आम्ही जाऊन आलो."

पुन्हा एकदा वारकरी बघायचे, एवढंच तिनं मागितलं. दर वर्षी. आणि आमची अडचण अशी की पक्षी थंडीत येतात आणि आमच्याकडे थंडी म्हणजे द्राक्षं. ऑक्टोबरात छाटणी, मग डिपिंग, विरळणी, जानेवारीपासून माल उतरायला लागतो. मधेच कांद्याची लागण. एक दिवस खाडा केला की मुकादम पुढच्या टोळीत घेत नाही. "द्राक्षं उतरू दे आत्या, मग जाऊ." द्राक्षं उतरेपर्यंत चैत्र. चैत्रात तिथं कोण असतं? तिलाही ते कळत होतं. ती नुसतं म्हणायची, "बरं." मागच्या पौषात ती अंथरुणाला खिळली, तेव्हा आम्ही विरळणीवर होतो.

ती गेल्यावर महिनाभरानं मडकी उघडली. एकेचाळीस पुरचुंड्या, एकावरही नाव नाही. घेवडा, वाल, डांगर बघून ओळखू आलं, पण कुठला वाल, कुठलं डांगर? आम्ही रडकुंडीला आलो. तेवढ्यात धाकटी सून म्हणाली, "अहो ताई, ही तर माझ्या हळदीच्या साडीची चिंधी." सोडून बघितलं तर तिनं माहेराहून आत्याला आणून दिलेलं काकडीचं बी. मग एकेक पुरचुंडी बैठकीत फिरवली. हिरवा काठ पलीकडच्या वाड्यातल्या काकूंचा, त्यात त्यांची अंबाडी. निळी फुलं आमच्या आईच्या साडीची, त्यात शेपू. ज्या बाईनं बी दिलं, तिच्याच साडीच्या चिंधीत ते बांधलेलं. चिठ्ठ्या होत्या बायांनो, आम्हालाच वाचता येत नव्हत्या. काहींची माणसं आता राहिली नाहीत, त्यांच्या सुनांनी चिंध्या ओळखल्या. तीन पुरचुंड्या कुणालाच ओळखू आल्या नाहीत. मृगात सगळं थोडं थोडं पेरलं. निम्म्याच्या वर उगवलं, बाकीचं जुनं झालं होतं. त्या तीनपैकी एकातून पांढऱ्या शेंगांचा घेवडा आला. तो पदराच्या गाठीतला असेल की नाही, सांगायला कोणी नाही.

या डिसेंबरात विरळणी चालू असताना आम्ही अकरा जणींनी एक दिवस खाडा केला. दोघींच्या घरी बोलणी खाल्ली, एकीचं टोळीतलं नाव गेलं. डालड्याच्या डब्यातून क्रूझरचं भाडं दिलं. आत्याची अर्धी राहिलेली गोधडी बरोबर घेतली होती, तिच्यावर बसून भाकरी-ठेचा खाल्ला. मधला भाग आम्ही शिवतोय, आमचे टाके मोठे पडतात. वारकरी आले होते. फार बोललं नाही कुणी.

बी हवं असेल त्या गटानं आमच्या गुरुवारच्या बैठकीला यावं, दुपारी तीनला. पैसे नकोत. आपल्या साडीची चिंधी तेवढी घेऊन या, आणि बदल्यात तुमच्याकडचं काही असेल तर तेही. कागदावर नाव आम्ही लिहून देऊ. बरं, वर विमान आलंच. येतो आम्ही.