गुलाबी ग्लासाचं गणित
(स्नेहमेळाव्यातील ‘माझा छंद’ या सत्रात केलेलं भाषण)



आतापर्यंत कुणी बागेबद्दल बोललं, कुणी ट्रेकबद्दल. माझा छंद कॉकटेल बनवण्याचा. समोर आपले शिक्षक बसलेत, हे मला दिसतंय! म्हणून आधीच सांगते, मी आज पिण्यावर नाही, मोजण्यावर बोलणार आहे. उदाहरण एकच घेते : व्होडका आणि जिन घालून केलेली बेरी मार्टिनी.

आधी नावाचं बघू. अस्सल मार्टिनी म्हणजे जिन आणि ड्राय व्हर्मूथ नावाची सुगंधी वाइन. त्यात फळ नाही, साखर नाही. आपली गुलाबी मार्टिनी त्याच उंच दांडीच्या ग्लासात ओततात, एवढंच काय ते नातं. जिन आणि व्होडका एकत्र घालणं मात्र नवं नाही. इयान फ्लेमिंगच्या १९५३ सालच्या ‘कॅसिनो रोयाल’ कादंबरीत जेम्स बाँड तीन भाग जिन, एक भाग व्होडका आणि अर्धा भाग सुगंधी वाइन अशी मार्टिनी मागवतो.

दोन्ही कशाला? जिनला ज्युनिपरचा वास असतो, थोडासा राळेसारखा. व्होडकाला जवळजवळ वासच नसतो. नुसती जिन घातली तर स्ट्रॉबेरी मागे पडते, नुसती व्होडका घातली तर चव सपाट लागते. निम्मं-निम्मं घातलं की फळ पुढे राहतं आणि जिनचा वास मागून येतो.

जीवशास्त्राच्या बाईंना आवडेल अशी एक गंमत सांगते. ज्युनिपरची ‘बेरी’ ही बेरी नाहीच, तो सूचिपर्णी झाडाचा मांसल शंकू आहे. स्ट्रॉबेरीही बेरी नाही. तिच्या अंगावर ज्या बिया दिसतात, तीच तिची खरी फळं. शास्त्राच्या व्याख्येत बसणारी बेरी म्हणजे टोमॅटो, वांगं, केळं आणि आपलं करवंद! म्हणून उन्हाळ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी संपली की मी पिकलेली करवंदं कुस्करून, गाळून घेते. खरी बेरी मार्टिनी तीच.

आता कृती, एका ग्लासाची. चार-पाच स्ट्रॉबेरी शेकरमध्ये ठेचायच्या. त्यात १५ मिलिलिटर लिंबाचा रस आणि १५ मिलिलिटर साखरेचा पाक घालायचा. पाक म्हणजे साखर आणि पाणी समप्रमाणात. लिंबू फक्त चवीसाठी नाही. स्ट्रॉबेरीचा रंग आम्लात लाल राहतो. लिटमस पेपर आठवतोय ना? मग ३० मिलिलिटर व्होडका, ३० मिलिलिटर जिन आणि भरपूर बर्फ. १२ ते १५ सेकंद जोरात हलवायचं आणि बारीक गाळणीतून थंड ग्लासात ओतायचं. एक ग्रॅम बर्फ वितळताना ३३४ ज्यूल उष्णता शोषतो, म्हणून पेय एवढं गार होतं. वितळलेलं ते पाणी हाही कृतीतलाच एक घटक आहे.

आता गणिताच्या तासाला बसू. आपल्याकडच्या बहुतेक जिन-व्होडकाच्या बाटल्यांवर ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. ६० मिलिलिटरमध्ये झालं सुमारे २५.७ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. ५ टक्क्यांच्या ३३० मिलिलिटर बिअरमध्ये असतं १६.५. म्हणजे आपला हा नाजूक ग्लास दीड बिअरपेक्षा जास्त झाला. आणि व्हिस्कीचा लार्ज पेगही ६० मिलिलिटरचाच असतो.

मला जे खरं सांगायचंय ते इथे आहे. घरगुती पार्टीत पुरुषांच्या हाती व्हिस्की जाते आणि आम्हा बायकांना सांगतात, “हे घे गं, लाइट आहे, लेडीज ड्रिंक!” अहो, दोन्हींत अल्कोहोल तेवढंच! व्हिस्की घशाला जाणवते, म्हणून ती सावकाश प्यायली जाते. इथे साखर आणि फळ सगळं झाकून टाकतात आणि ग्लास पाच मिनिटांत रिकामा होतो. त्यातून बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण सरासरीने कमी असतं, त्यामुळे तेवढ्याच दारूने रक्तातली पातळी जास्त चढते. ज्याला आपण ‘लाइट’ म्हणतो, ते सगळ्यात फसवं असतं.

म्हणून करणाऱ्याने अंदाजाने ओतू नये, पेग मेजरनेच मोजावं. समोरच्याला आकडा सांगावा : “यात साठ आहे.” गाडी चालवणाऱ्याला देऊच नये. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची आहे, आणि ती ओलांडायला अनेकांना हा एकच ग्लास पुरतो. आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं आता कॉलेजात आहेत. त्यांनाही हे गणित कळू दे. महाराष्ट्रात अशा दारूसाठी किमान वय २५ आहे, हेही कळू दे.

आणि जो पीत नाही, त्याच्या हातात कोमट कोल्ड्रिंकची बाटली देऊन त्याला कोपऱ्यात बसवू नका. तीच स्ट्रॉबेरी, तेच लिंबू, तोच पाक, वर गार सोडा, आणि ग्लासही तोच. “का घेत नाहीस?” हा प्रश्न विचारायचा नाही. औषधं, उपास, घरातला जुना अनुभव, नुसती नावड... कारण काहीही असू शकतं, आणि ते त्याचं त्याच्याजवळ.

आज दुपारी जेवणानंतर हा सोड्याचा ग्लास मी सगळ्यांसाठी करणार आहे. सर, बाई, पहिले दोन तुमचे. यात शून्य आहे, मी मोजलंय.