वाचनालयाची जुनी रजिस्टरं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण, थोडे आटोपशीर करून)



गावातल्या वाचनालयाविषयी दहा मिनिटं बोला, असा मला निरोप होता. वाचनाचे फायदे मी सांगत बसणार नाही. ते आपण सगळ्यांनी शाळेच्या निबंधात लिहिलेत. मी आज मागणी घेऊन उभा आहे.

वाचनालयाची जुनी खोली गळते, ती दुरुस्तीला काढायची आहे. सामान हलवायचं ठरलं तेव्हा लाकडी कपाटातल्या रजिस्टरांचं काय करायचं, हा प्रश्न आमच्या कार्यकारिणीपुढे आला. एकानं सहज विचारलं, "रद्दीचा भाव काय चाललाय?" त्यांना दोष देत नाही. पुस्तक सगळ्यांना दिसतं. रजिस्टर उघडून कोण बघतंय? पुढच्या महिन्याच्या सर्वसाधारण सभेत निर्णय व्हायचा आहे, म्हणून आजच बोलतो.

आपल्या सोसायटीचं 'आय' नमुन्यातलं सभासद रजिस्टर सेक्रेटरीसाहेब कसं कुलपात ठेवतात, ठाऊक आहे ना? वाचनालयाकडे तसलीच चार प्रकारची रजिस्टरं असतात. पुस्तक आलं की दाखल नोंदवहीत चढतं. वर्गणीदारांचं वेगळं, रोजच्या देवघेवीचं वेगळं, आणि सभांचं इतिवृत्त. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानं अनुदानाला आधार मिळाला, अ-ब-क-ड वर्ग आले, तपासण्या आल्या. तपासणीला दाखवावं लागतं म्हणून का होईना, लिहिणाऱ्यांनी इमानानं लिहिलं.

आता त्यात काय सापडतं ते सांगतो. पुस्तकांवरचे नि पावत्यांवरचे शिक्केच बघा. एकावर 'जत संस्थान', दुसऱ्यावर 'जि. दक्षिण सातारा', तिसऱ्यावर 'जि. सांगली'. १९४८ साली संस्थान विलीन झालं, तालुका दक्षिण सातारा जिल्ह्यात गेला, आणि १९६० साली त्या जिल्ह्याचंच नाव सांगली झालं. कपाट जागचं हललं नाही, पत्ता मात्र दोनदा बदलला!

देवघेव रजिस्टर तर कादंबरीसारखं वाचावं. गावातली मोठी मोठी माणसं, ज्यांच्यापुढं आम्ही मान वर करत नव्हतो, ती ओळीनं बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा नेत होती. (नावं सांगणार नाही. त्यांचे नातू इथंच समोर बसलेत.) काही पानांवर कन्नड पुस्तकांची नावं देवनागरीत लिहिलेली आहेत. लिहिणाऱ्याला कन्नड लिहिता येत नसावं, पण वाचणाऱ्याला पुस्तक मिळालं. पूर्व भागातल्या गावांत घरात कन्नड आणि कचेरीत मराठी, हे आपल्याला नवीन नाही. २०२२ साली कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जत तालुक्यातल्या गावांचा विषय काढला, तेव्हा आठवडाभर दोन्हीकडचे कॅमेरे इथं फिरत होते. आमचे लोक प्रत्यक्षात काय वाचत होते, याचा लेखी पुरावा त्या कपाटात पडून होता. कुणी विचारला नाही.

पण मला सगळ्यात अडवलं ते वर्गणीदारांच्या एका वहीनं. १९७२ च्या दुष्काळातलं साल. नावापुढं शेरा, 'अनामत परत'. खाली पुन्हा 'अनामत परत'. पान उलटलं तरी तेच. दोन-दोन रुपये अनामत होती. घरात ज्वारी नाही म्हणून माणसं दोन रुपये परत न्यायला वाचनालयात येत होती. एका नावापुढं फक्त 'गाव सोडले' एवढंच. दुष्काळावरची पुस्तकं मी बरीच वाचलीत, त्या पानाइतका वेळ कुठल्याच पानावर थांबलो नाही. हे पान किलोच्या भावानं जायचं?

सांगलीचं नगर वाचनालय १८६९ चं. २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी आत शिरलं आणि जुने ग्रंथ भिजून गेले. सांगलीकर हळहळले, बाहेरून मदत आली. आमच्याकडे पूर येत नाही, टँकर येतो. इथलं नुकसान वाळवी, कसर आणि उंदीर सावकाश करतात, त्याची बातमी होत नाही.

तर मागणी अशी. काम संपेपर्यंत आपल्या सोसायटीच्या ऑफिसमधलं एक लोखंडी कपाट आणि कोरडा कोपरा द्यावा. रजिस्टरं इथं ठेवू, पानापानाचे मोबाइलवर फोटो काढू. त्याला मोठं मशीन लागत नाही. खिडकीजवळचा उजेड, सपाट टेबल आणि पान धरायला दुसरा माणूस पुरतो. प्रत्येक फोटोला रजिस्टरचं नाव, साल आणि पान क्रमांक द्यायचा, नाहीतर हजार फोटोंचा नुसता ढीग होतो. फोटोंची एक प्रत इथं राहील, एक गावाबाहेर कुणाकडे तरी. फाटलेल्या पानांना सेलोटेप लावायची नाही, बरं का! चार वर्षांत ती पिवळी पडते आणि अक्षर घेऊनच निघते. देवघेवीची अलीकडची पानं मात्र खुली करायची नाहीत. हयात माणसानं काय वाचलं, हा त्याचा प्रश्न.

आणि घरोघरी बघा. जुनी वर्गणीची पावती, संमेलनाचा किंवा व्याख्यानाचा फोटो, परत करायचं राहिलेलं पुस्तक, काहीही चालेल. दंड माफ, हे मी कार्यकारिणीच्या वतीनं आत्ताच जाहीर करतो. नंतर अध्यक्षांशी भांडेन. ज्या आजी-आजोबांना जुनी खोली आठवते त्यांचं बोलणं मोबाइलवर घ्यायचंय. त्यात उशीर नको. गेल्या वर्षभरात अशी दोन माणसं गेली.

रविवारी सकाळी दहाला ऑफिस उघडं ठेवू. तरुण मंडळींनी चार्जर आणावा, आमच्या वयाच्यांनी चष्मा. मोडी वाचणारं कुणी असेल तर त्यांनी आधी यावं. इतिवृत्ताची सुरुवातीची पानं मला लागत नाहीत.