अळी औषधाला दाद देईना, तेव्हा

पिंपाचं झाकण काढून पाहा. डोकं खाली, शेपूट वर करून लटकलेल्या डासाच्या अळ्या दिसतील. टेमेफॉस हे त्यांच्यावरचं नेहमीचं औषध. पण वर्षानुवर्षं तेच वापरलं, की त्यातून तगलेल्या मोजक्या अळ्यांचेच डास होतात आणि त्यांची पिलावळ त्या औषधाला जुमानत नाही. अशा वेळी औषधच बदलावं लागतं.

१९७६ साली इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या डबक्यात सापडलेला ‘बीटीआय’ हा जिवाणू इथे कामी येतो. अळीने तो गिळला, की त्यातली विषारी प्रथिनं तिच्या आतड्याला भोकं पाडतात. ही प्रथिनं एकाहून अधिक असल्याने त्यांना पुरून उरणं अळीला अवघड जातं. माणसांना, माशांना अपाय नाही. मात्र असर काही दिवसांचाच, म्हणून फवारणी पुन्हा करावी लागते.

घरी काय कराल? हौदात गप्पी मासे सोडा. पिंपं आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून खसाखसा घासा. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी कडेला चिकटून, कोरडी राहूनही महिनोन्महिने तग धरतात. औषध पचवणारी अळी असेल, पण घासणीपुढे अंड्याचं काही चालत नाही!