राजापूर नावाचे बंदर



राजापूर म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना उन्हाळे गावची गंगा आठवते. तिथली चौदा कुंडे, शेजारचा गरम पाण्याचा झरा, गंगा आल्याची बातमी आली की निघणाऱ्या एस.टी.च्या जादा गाड्या. कोणाला धूतपापेश्वर आठवेल, कोणाला पावसाळ्यात जवाहर चौकात शिरलेले पाणी. बंदर मात्र चटकन कोणाला आठवत नाही. पण सतराव्या शतकात लंडन आणि पॅरिसच्या व्यापाऱ्यांना हे गाव ठाऊक होते ते बंदर म्हणूनच. आज मी या बंदराविषयी बोलणार आहे, आणि ते कसे पाहायला जावे याविषयीही.

आधी एक दूरचे गाव सांगतो. फ्रान्सच्या पश्चिम टोकाला ब्रिटनी हा प्रांत आहे. खडकाळ किनारा, आत शिरलेल्या खाड्या, दर्यावर्दी माणसे. 1664 साली चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी काढली आणि 1666 साली या कंपनीला ब्रिटनीतल्या एका खाडीकाठची ओसाड जमीन मिळाली. तिथे जहाजबांधणीची गोदी उभी राहिली आणि गोदीभोवती गाव वसले. ते लोरियाँ. त्यानंतर थोड्याच वर्षांत याच कंपनीची एक वखार आपल्या राजापुरात होती. ज्या धंद्याचे एक टोक लोरियाँला होते, त्याचे दुसरे एक टोक अर्जुना नदीच्या काठी होते. आपल्या जिल्ह्यातल्या किती शाळकरी मुलांना हे माहीत आहे?

आता बंदर म्हणजे समुद्रकाठ, ही आपली समजूत. राजापूर समुद्रापासून चोवीस-पंचवीस किलोमीटर आत आहे. इतक्या आत बंदर कशासाठी? याचे उत्तर किनाऱ्यावरच्या दाभोळने दिलेले आहे. दाभोळ वासिष्ठीच्या मुखाशी, बहमनी काळापासून नांदते. 1508 च्या डिसेंबरअखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेदा आरमार घेऊन आला आणि त्याने दाभोळ जाळून लुटले. मुखावरच्या बंदराला हा धोका कायमचा. खाडीत आत असलेल्या गावावर मोठे लढाऊ जहाज असे अचानक येऊ शकत नाही. त्याला भरतीची वाट पाहावी लागते, वळणे घ्यावी लागतात, वाट दाखवणारा तांडेल लागतो. शिवाय पावसाळ्यातल्या खवळलेल्या दर्यापासून गलबतांना आसरा मिळतो तो वेगळाच.

दुसरे कारण घाटाचे. राजापूरच्या मागे अणुस्कुरा घाट आहे. या घाटात जुनी फरसबंदी वाट आहे, शिलालेख आहेत. ही वाट मलकापूर, पन्हाळा, कोल्हापूर आणि पुढे विजापूरकडे जाते. घाटावरची मिरी आणि कापड बैलांच्या पाठीवरून या वाटेने खाली यायचे, आणि जिथे बैलांची वाट संपून गलबताची वाट सुरू होते तिथे राजापूर वसलेले होते. म्हणून ते आदिलशाहीचे महत्त्वाचे बंदर झाले आणि म्हणूनच 1649 च्या सुमारास इंग्रजांनी तिथे वखार घातली.

घाट आणि बंदर यांचे हे नाते लक्षात ठेवले की शिवचरित्रातला एक प्रसंग अधिक नीट उलगडतो. 1660 साली आदिलशाही सरदार सिद्दी जौहर पन्हाळ्यावर शिवाजी महाराजांना वेढा घालून बसला होता. त्या वेढ्यात राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफा आणि दारूगोळा घेऊन गेला आणि इंग्रजांचे निशाण लावून त्याने गडावर मारा केला. शाळेत हे वाचताना प्रश्न पडायचा, की समुद्रावरचा इंग्रज पन्हाळ्यावर कसा? तो बहुधा याच घाटाने वर चढला असावा. महाराज हे विसरले नाहीत. 1661 च्या फेब्रुवारीत उंबरखिंडीत मोगल सरदार कारतलबखानाचा पाडाव केल्यावर ते दक्षिण कोकणात उतरले, मार्चमध्ये राजापूर घेतले, वखार खणून काढली आणि रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैद केले. त्यातल्या काहींची सुटका व्हायला 1663 साल उजाडले.

राजापूरची लूट म्हणून आपण हा प्रसंग सांगतो आणि तिथेच थांबतो. मला त्याचा उत्तरार्ध जास्त मोलाचा वाटतो. महाराजांनी बंदर मोडले नाही. व्यापार हवा, पण व्यापाऱ्याने लढाईत पडायचे नाही, अशी ही भूमिका होती. फ्रेंचांना त्यांच्याच अमलात राजापुरी वखार घालू दिली गेली. इंग्रज पुढे कित्येक वर्षे नुकसानभरपाई मागत राहिले, आणि 1674 साली राज्याभिषेकाच्या वेळी त्यांचा वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडावर आला तेव्हा झालेल्या तहात राजापूरच्या भरपाईचे कलम होते. त्यानंतर इंग्रजांची वखारही पुन्हा उघडली. एका गावावरून चाललेले हे भांडण तेरा वर्षे पुरले. राजापूर किती मोलाचे होते, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

मग हे बंदर गेले कुठे? कोणी जाळले नाही, कोणी हलवले नाही. ते गाळाने भरले. सह्याद्रीच्या उतारावरची तांबडी माती दर पावसाळ्यात अर्जुना आणि कोदवली या नद्यांतून खाली येते. राजापुरात दोन्ही नद्या मिळतात आणि तिथेच, खालून येणाऱ्या भरतीने पाण्याचा वेग मोडला, की माती तळाशी बसते. डोंगर उघडे होत गेले तशी माती वाढली. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी गॅझेटियरात राजापूरचे फार सुंदर वर्णन आहे. उतरत्या अरुंद गल्ल्या, फरसबंद आणि वर छप्पर घातलेला बाजार, सरकारी कचेरी झालेली इंग्रजांची दगडी वखार. रत्नागिरी जिल्ह्यात अरबी गलबते अजून थेट येतात असे हे एकच बंदर, असेही त्यात नोंदवले आहे. आणि लगोलग पुढे म्हटले आहे, की मोठी गलबते जुन्या दगडी धक्क्याच्या तीन मैल अलीकडेच थांबतात. तीन मैल! माल तिथे पडावात उतरवायचा, पडाव भरतीबरोबर वर आणायचा. ज्या बंदरात दोनदा माल चढवावा-उतरवावा लागतो, त्याचे दिवस भरलेले असतात. पुढे आगबोटी आल्या त्या मुखाशी मुसाकाजीला थांबू लागल्या, आणि रस्ते झाल्यावर तीही गरज सरली.

आपण लोक पुराकडे आणि इतिहासाकडे दोन वेगळे विषय म्हणून पाहतो. माझे म्हणणे असे, की जवाहर चौकात दर जुलैत चढणारे पाणी आणि अरबी गलबतांचे येणे बंद होणे ही एकाच गोष्टीची दोन प्रकरणे आहेत. पात्र उथळ झाले, त्यात वरून पाऊस आणि खालून उधाण एका वेळी आले, की पाण्याला बाजाराखेरीज जागा राहत नाही. अलीकडे लोकसहभागातून गाळ उपसण्याची कामे झाली, त्यांचे मला मनापासून कौतुक आहे. पण हे दर वर्षी करायचे काम आहे, आणि वरचे डोंगर राखल्याशिवाय ते पुरे पडणार नाही.

लोरियाँचेही काही सुखाचे गेले नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी तिथे पाणबुड्यांचा तळ बांधला आणि 1943 च्या जानेवारी-फेब्रुवारीत दोस्तांच्या बाँबफेकीत जवळजवळ सगळे शहर भुईसपाट झाले. तळ मात्र शाबूत राहिला. कंपनीच्या काळातले गाव असे फारसे उरलेच नाही. तरी त्या लोकांनी खाडीपलीकडच्या पोर-लुईच्या किल्ल्यात कंपनीचे संग्रहालय मांडले. गलबतांच्या प्रतिकृती, नकाशे, हिंदुस्थानातून गेलेले कापड तिथे जपून ठेवले आहे. ब्रिटनीतलेच सें-मालो 1944 च्या ऑगस्टमध्ये असेच उद्ध्वस्त झाले. 1746 साली इंग्रजांकडून मद्रास घेणारा फ्रेंच सेनानी ला बूर्दोने याच गावचा. तिथल्या लोकांनी तटाच्या आतले गाव जुन्या वळणावर दगडात पुन्हा उभारले. राजापुरावर बाँब पडला नाही. जे गेले ते आपल्या डोळ्यांदेखत, आपल्या हातून गेले, याचे मला वाईट वाटते.

आता राजापूर पाहायला कसे जावे ते सांगतो. महामार्गावरून उतरून थेट बाजारात शिरू नका. आधी नाट्याला जा. तिथला यशवंतगड पाहा, साखरी नाट्याच्या बंदरावर मासळीचा लिलाव चाललेला असतो तो पाहा, कारण या खाडीचे जिवंत बंदर आज ते आहे. मग जैतापूरवरून खाडीच्या काठाने वर या. वाटेत खाडी अरुंद होत जाते, दोन्ही बाजूंना खारफुटी येते, वळणामागून वळण येते आणि गलबतवाल्याला काय दिसत असेल ते कळू लागते. तिथी पाहून जा, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे उधाणाची भरती मिळेल. राजापुरात नदीकाठी उभे राहून ओहोटीला पात्राचा तळ पाहा. गोट्यांवर चढलेली माती, मधोमध साचलेले बेट, त्यावर उगवलेले गवत दिसेल. मग भरतीची वाट पाहा. नदीचा प्रवाह आधी मंदावतो, पाणी थबकते आणि पालापाचोळा उलट्या दिशेने, डोंगराकडे सरकू लागतो. याच पाण्यावर पडाव वर यायचे. त्यानंतर बाजारातून चढत चढत वर जा आणि वखारीची जागा विचारा.

आणि शेवटी एक विनंती आहे. राजापूर, जैतापूर, नाटे, सागवे या भागातल्या दालदी, खारवी, भंडारी घरांत गलबतांवर गेलेल्या माणसांची नातवंडे आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्याकडे जुन्या चोपड्या असतील, भाड्याच्या पावत्या असतील, वखारीचे किंवा धक्क्याचे एखादे छायाचित्र असेल, वाऱ्यांची आणि वळणांची नावे तोंडपाठ असतील. हे कागद रद्दीत देऊ नका. आपल्या गावच्या वाचनालयात आणून द्या, निदान छायाचित्रे काढून द्या. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ या पावसाळ्यात वही घेऊन बसा. ते काम पुढच्या वर्षावर टाकू नका.